मदत हवी आहे : छापखान्याच्या कामात स्नॅप आणि फ्लॅटपॅक आडवे येत आहेत, कोणते प्रोग्रॅम त्यांतून बाहेर काढावेत?

नमस्कार.

कोल्हापुरात आमचा लहानसा छापखाना आहे आणि मराठी अक्षरजुळणीचे कामही आम्हीच करतो. सर्व संगणक उबंटू या लिनक्स प्रणालीवर चालतात. २०.०४ या आवृत्तीचा नेहमीचा पाठिंबा २०२५ मध्ये संपला, म्हणून यंत्रे २४.०४ वर आणली. स्नॅप आणि फ्लॅटपॅक या प्रोग्रॅम बसवण्याच्या अशा पद्धती आहेत, की त्यांत प्रत्येक प्रोग्रॅम यंत्राच्या बाकीच्या भागापासून बंदिस्त राहतो. आता फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम स्नॅपमधून चालतात, पाने लावण्याचा स्क्रायबस आणि रेखाटनाचा इंकस्केप फ्लॅटहब या फ्लॅटपॅकच्या भांडारातून घेतलेले आहेत आणि लिबरऑफिस तेवढे जुन्या पद्धतीच्या, बंदिस्त नसलेल्या डेब पॅकेजातून बसवलेले आहे. यांतला कोणताही प्रोग्रॅम एकटा उघडला तर व्यवस्थित चालतो. त्याला स्वतःच्या कुंपणाबाहेरची एखादी वस्तू लागली की काम अडते, आणि आमच्या धंद्यात अशी वस्तू जवळजवळ प्रत्येक कामाला लागते.

सर्वांत तातडीची अडचण निविदांची आहे. नगरपालिका आणि शासकीय कार्यालयांच्या छपाईच्या कामांसाठी ई-निविदा भरावी लागते आणि त्यासाठी तिसऱ्या वर्गाचे डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र यूएसबी टोकनवर असावे लागते. टोकनचा ड्रायव्हर बसवला, टोकन वाचणारी पीसीएससी ही सेवा चालू आहे, टर्मिनलमधून पाहिले तर टोकन ओळखले जाते. परंतु फायरफॉक्सच्या सुरक्षा उपकरणांच्या खिडकीत त्या ड्रायव्हरची पीकेसीएस ११ फाइल (ब्राउझरला टोकनशी बोलू देणारी) जोडायला गेले की ती जोडली जात नाही. माझ्या समजुतीप्रमाणे कारण असे आहे, की ड्रायव्हर यंत्राच्या 'यूएसआर' फोल्डरात बसतो आणि स्नॅपमधल्या फायरफॉक्सला जो 'यूएसआर' दिसतो, तो त्याच्या स्वतःच्या पायाभूत पॅकेजातला असतो. ॲप्टला (डेब बसवणाऱ्या आज्ञेला) फायरफॉक्स बसवायला सांगावे, तर उबंटूच्या भांडारात त्या नावाचे जे डेब आहे ते पुन्हा स्नॅपच बसवते.

एका संकेतस्थळावर सही करण्यासाठी वेगळी स्थानिक सेवा बसवावी लागते आणि ब्राउझर 'लोकलहोस्ट'वरून, म्हणजे त्याच यंत्रातल्या पत्त्यावरून, तिच्याशी बोलतो. ती सेवा चालू असूनही संकेतस्थळ 'सेवा आढळली नाही' असे सांगते. निविदेची मुदत संध्याकाळी संपत असताना हे कोडे सोडवत बसणे परवडत नाही, म्हणून सध्या एक जुना विंडोज संगणक केवळ सहीसाठी ठेवला आहे. तो कायमचा ठेवण्याची माझी इच्छा नाही.

दुसरी अडचण चित्रांची आहे आणि तिच्याकडे जाणकारांनी विशेष लक्ष द्यावे अशी विनंती करतो. स्क्रायबस चित्रे फाइलच्या पोटात साठवत नाही, ती कोठे आहेत एवढा पत्ता लिहून ठेवतो. बंदिस्तपणाचा खरा उपयोग व्हावा म्हणून मी फ्लॅटसीलमधून (फ्लॅटपॅकच्या परवानग्या बदलण्याच्या प्रोग्रॅममधून) स्क्रायबसची होम फोल्डरची आणि सर्व्हरवरील फोल्डरांची परवानगी बंद ठेवली होती. त्यामुळे चित्र निवडताना पोर्टलची, म्हणजे बंदिस्त प्रोग्रॅमला निवडलेली फाइल देणाऱ्या मध्यस्थाची, खिडकी उघडते, आपण फाइल निवडतो, चित्र पानावर दिसते आणि सर्व ठीक आहे असे वाटते. प्रत्यक्षात नोंदला गेलेला पत्ता '/रन/यूजर/१०००/डॉक/' असा सुरू होतो, त्यापुढे अक्षर-आकड्यांची एक लांबट खूण असते आणि मग फाइलचे नाव. हा पत्ता त्या यंत्रावर, त्या वापरकर्त्यापुरता खरा असतो. तीच फाइल शेजारच्या संगणकावर मुद्रितशोधनासाठी उघडली की चित्रांच्या चौकटी रिकाम्या दिसतात. पोर्टल एका वेळी निवडलेली एक फाइल देते; पुस्तकाचे एक प्रकरण मात्र मजकूर, चित्रे, रेखाटने आणि टंक (फाँट) अशा अनेक फाइलींनी बनलेले असते. ही अडचण एकट्या स्क्रायबसची नाही. मर्यादित परवानगीच्या ब्राउझरमध्ये संगणकावरचे एचटीएमएल पान पोर्टलमधून उघडले, तर त्याच्या शेजारची चित्रे आणि शैलीची फाइलही अशाच रीतीने मागे राहते.

टंकांच्या बाबतीत घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. यंत्रावर बसवलेले टंक फ्लॅटपॅकमध्ये दिसतात, परंतु कोणता टंक नसल्यास त्याच्या जागी कोणता घ्यावा याचे जे नियम मी यंत्राच्या फाँटकॉन्फिगमध्ये (टंक निवडणाऱ्या व्यवस्थेत) लिहून ठेवले आहेत, ते आत वाचले जात नाहीत. परिणामी ज्या मजकुराला टंक स्पष्टपणे नेमलेला नाही, तो लिबरऑफिसमध्ये एका देवनागरी टंकात आणि इंकस्केपमध्ये दुसऱ्याच टंकात उमटतो. मराठी वळणाच्या ल आणि श यांच्या जागी हिंदी वळणाचे ल आणि श आले, तेव्हा हे प्रथम लक्षात आले. एका कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठाचे प्रूफ पाहताना कवयित्रींनी स्वतः त्या ल वर बोट ठेवले आणि त्यांचे म्हणणे योग्यच होते.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. फाइल व्यवस्थापकातून उघडलेले सर्व्हरचे फोल्डर स्नॅपमधल्या प्रोग्रॅमांना पोहोचत नाहीत. स्नॅपची तात्पुरत्या फाइलींची 'टेम्प' जागा वेगळी असल्यामुळे दुसऱ्या प्रोग्रॅमने तेथे ठेवलेली फाइल ब्राउझरला सापडत नाही. स्नॅप जुनी आवृत्तीही जपून ठेवतो, त्यामुळे लहान डिस्कच्या यंत्रांवर जागेची ओढाताण होते.

माझे प्रश्न असे आहेत. सहीसाठी फायरफॉक्स स्नॅपबाहेर कसा आणावा, आणि तो पुन्हा आपोआप स्नॅपमध्ये जाऊ नये यासाठी काय करावे? स्क्रायबसला पूर्ण फाइलव्यवस्थेची परवानगी द्यावी का, आणि दिली तर तो बंदिस्त ठेवण्यात काय अर्थ उरतो? टंकांचे नियम सर्व यंत्रांवर सारखे कसे ठेवावेत? छापखान्यात संगणकाचे जाणकार मीच एकटा आहे आणि मी नसताना काम अडू नये, एवढी माझी अट आहे.

प्रतिसाद १

आपले निदान बरोबर आहे. २०२४ च्या सुरुवातीपासून मोझिलाने स्वतःचे ॲप्ट भांडार उपलब्ध करून दिले आहे. त्यातला फायरफॉक्स साधा डेब आहे आणि त्याला यंत्रावरचा ड्रायव्हर दिसतो. भांडार जोडणे एवढेच मात्र पुरेसे नाही. उबंटूच्या नामधारी डेबचा आवृत्ती-क्रमांक मुद्दाम असा ठेवलेला आहे, की ॲप्टला तोच अधिक नवा वाटतो. म्हणून ॲप्टच्या 'प्रेफरन्सेस' फोल्डरात एक छोटी फाइल ठेवून मोझिलाच्या भांडाराला १००० हे प्राधान्य द्यावे लागते. ही पायरी गाळल्यामुळे पुढच्या अद्ययावतीकरणात स्नॅप परत आल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

लोकलहोस्टच्या अडचणीचे कारण बहुधा वेगळे असावे. स्नॅप फायरफॉक्सला नेटवर्कची परवानगी असतेच, त्यामुळे स्थानिक सेवेपर्यंत तो पोहोचू शकतो. परंतु अशा सेवा स्वतःचे प्रमाणपत्र तयार करतात आणि त्यांचा इन्स्टॉलर ते होम फोल्डरातल्या फायरफॉक्सच्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये (वापरकर्त्याची माहिती साठवणाऱ्या फोल्डरात) घालतो. स्नॅपचे प्रोफाइल 'स्नॅप' फोल्डरात खोलवर असते, इन्स्टॉलरला ते माहीत नसते, आणि प्रमाणपत्रावर विश्वास नसल्यामुळे ब्राउझर गुपचूप जोडणी नाकारतो. प्रमाणपत्रांच्या खिडकीत जाऊन ते हाताने आयात करून पाहावे. डेब फायरफॉक्स बसवल्यावर इन्स्टॉलर पुन्हा एकदा चालवला, तर हाताने काही करावे लागू नये.

प्रतिसाद २

सहीसाठी डेब वापरण्यास माझी हरकत नाही, पण सर्वच प्रोग्रॅम कुंपणाबाहेर काढण्याआधी थोडे थांबावे असे मला वाटते. छापखान्यात ग्राहकांकडून पेनड्राइव्ह आणि ईमेलमधून कोठकोठल्या फाइली येतात. त्या उघडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एखादे छिद्र असेल, तर तुमच्या हिशेबाच्या फाइली आणि घरचे फोटो यांच्या आणि त्या छिद्राच्या मध्ये आज ही बंदिस्त चौकटच उभी आहे. शिवाय डेब बसवताना त्यातल्या आज्ञावली रूट, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च, अधिकाराने चालतात, ही गोष्टही लक्षात घ्यायला हवी. कोणत्याही अनोळखी ठिकाणचे डेब घेऊ नये.

'परवानगी पूर्ण की शून्य' अशी निवड करण्याची गरज नाही. सर्व्हरवर 'कामे' असे एकच फोल्डर ठेवा, प्रत्येक पुस्तकाचे चित्रांसह सर्व साहित्य त्यात ठेवा आणि फ्लॅटसीलमधून स्क्रायबस व इंकस्केपला तेवढ्याच फोल्डराची परवानगी द्या. मग पोर्टलचा तात्पुरता पत्ता मध्ये न येता खरा पत्ता नोंदला जाईल. ते फोल्डर फाइल व्यवस्थापकातून न उघडता एफएसटॅब या यंत्राच्या जोडण्यांच्या फाइलमधून '/मीडिया'खाली कायमचे जोडा, सर्व यंत्रांवर एकाच नावाने. फ्लॅटपॅकच्या परवानगीत तो पत्ता सरळ लिहिता येतो, आणि स्नॅपच्या प्रोग्रॅमांना काढत्या माध्यमांची (रिमूव्हेबल मीडिया) जोडणी दिली की तेथे पोहोचता येते.

एक गोष्ट मात्र कोणी फारशी सांगत नाही. लॉगिन करताना एक्स ११ चे (पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या जुन्या पद्धतीचे) सत्र निवडले असेल, तर त्या सत्रातला एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमच्या कळा ऐकू शकतो, मग तो कितीही बंदिस्त असो. वेलँड ही तिच्या जागची नवी पद्धत वापरत असाल तरच या चौकटीवर भिस्त ठेवा.

प्रतिसाद ३

स्क्रायबसविषयी थोडे लिहितो, कारण मी मासिकाची पाने त्यात लावतो. देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळण्याची सोय स्क्रायबसमध्ये १.५.३ पासून आली, त्यामुळे नवी आवृत्ती हवी असणे स्वाभाविक आहे. नवी आवृत्ती मिळवण्यासाठी फ्लॅटपॅकच हवा असे नाही. स्क्रायबसच्या प्रकल्पाकडून ॲपइमेजही, म्हणजे न बसवता चालणारी एकच फाइल, मिळते. ती बंदिस्त नसते, यंत्रावरचे टंक आणि त्यांचे नियम वाचते, आणि तीच एक फाइल सर्व संगणकांवर ठेवली की आवृत्तीत फरक पडण्याचा प्रश्न राहत नाही. २४.०४ वर तिच्यासाठी 'लिबफ्यूज२टी६४' हे पॅकेज वेगळे बसवावे लागते.

फ्लॅटपॅकच ठेवणार असाल, तर होम फोल्डराच्या 'कॉन्फिग'मधील फाँटकॉन्फिगच्या फोल्डराला केवळ वाचण्याची परवानगी द्या आणि टंकांचे नियम तेथे लिहा. आज ते यंत्राच्या 'ईटीसी'मध्ये असतील, म्हणून आत पोहोचत नाहीत. तरीही माझा आग्रह असा, की छपाईला जाणाऱ्या मजकुरात पर्यायी टंकावर काहीच सोपवू नये. प्रत्येक शैलीला टंक नेमलेला असावा आणि भाषा मराठी ठेवलेली असावी, कारण ल आणि श यांची मराठी वळणे कित्येक टंकांत भाषेच्या खुणेवरूनच निवडली जातात. मुद्रितशोधनाला फाइल देताना 'कलेक्ट फॉर आउटपुट' ही सोय वापरा. ती दस्तऐवज, चित्रे आणि सांगितल्यास टंकसुद्धा एका फोल्डरात गोळा करते.

रंगांच्या प्रोफाइलकडेही (रंग छपाईत बरोबर उमटावेत यासाठीच्या फाइलींकडे) पाहून घ्या. आयसीसी प्रोफाइल यंत्राच्या 'यूएसआर'मध्ये असतील तर फ्लॅटपॅकला ते नेहमीच्या जागी दिसत नाहीत, अगदी पूर्ण फाइलव्यवस्थेची परवानगी दिली तरीही.

धागाकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. मोझिलाच्या भांडारातला फायरफॉक्स प्राधान्याच्या फाइलसह एका यंत्रावर बसवला. ड्रायव्हरची फाइल लगेच जोडली गेली आणि चाचणीसाठी केलेली सहीही उमटली. दुसऱ्या प्रतिसादातले म्हणणे पटल्यामुळे हा फायरफॉक्स केवळ निविदा आणि कराच्या संकेतस्थळांसाठी ठेवणार आहे. इतर वाचनासाठी त्या यंत्रावर स्नॅपमधला क्रोमियम राहील. '/मीडिया'खाली कामांचे फोल्डर जोडून स्क्रायबसला तेवढीच परवानगी दिली आणि चित्रांचे पत्ते आता दोन यंत्रांवर सारखे येतात. जुन्या फाइलींमधले पोर्टलचे पत्ते मात्र हातानेच बदलावे लागतील असे दिसते. रंगांच्या प्रोफाइलचे माझ्या ध्यानातही आले नसते. पुढच्या बहुरंगी कामाआधी ते होम फोल्डरात हलवीन.

दोन शंका उरल्या आहेत. स्नॅप फायरफॉक्स काढून टाकला तर त्यातले पासवर्ड आणि पानांच्या खुणा (बुकमार्क) यांचे काय होते? आणि काम चालू असताना 'अमुक दिवसांत प्रोग्रॅम बंद करा' अशी सूचना स्नॅप देतो, ती निविदेच्या आठवड्यात थांबवता येते का?

प्रतिसाद १

काढण्याआधी 'स्नॅप' फोल्डरातल्या 'फायरफॉक्स' आणि त्यातल्या 'कॉमन'खालचे प्रोफाइल, दोन्ही ब्राउझर बंद ठेवून, होम फोल्डरातल्या 'मोझिला'च्या लपलेल्या फोल्डरात उतरवून घ्या आणि डेब फायरफॉक्स पहिल्यांदा उघडताना प्रोफाइल व्यवस्थापकातून तेच निवडा. स्नॅप काढताना त्यातल्या माहितीची प्रत, म्हणजे एक स्नॅपशॉट, आपोआप घेतला जातो आणि तो साधारण ३१ दिवस राहतो, पण डिस्कवर जागा कमी असेल तर त्यावर विसंबू नका.

अद्ययावतीकरण थांबवण्यासाठी 'स्नॅप रिफ्रेश'ला 'होल्ड' हा पर्याय देता येतो. त्यात एखाद्याच पॅकेजचे नाव आणि ७२ तास अशी मुदत लिहिता येते. काहीच केले नाही, तर उघड्या प्रोग्रॅमसाठी स्नॅप १४ दिवस वाट पाहतो आणि नंतर नवी आवृत्ती बसवतोच. ब्राउझरच्या बाबतीत कायमचा 'होल्ड' लावू नका, मुदत घालूनच लावा. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच वाटेने येतात.