अ‍ॅड्रेनालिन गुलाबी झालं की हृदयाच्या पेशीत नक्की काय बिघडतं?

फार्मसी_तिसरंवर्ष: परवा प्रॅक्टिकलला एसओडीची (सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवणारं एन्झाइम) टेस्ट होती, पीएच १०.२ च्या बफरमध्ये अ‍ॅड्रेनालिन टाकलं आणि बघता बघता गुलाबी झालं. मॅडम म्हणाल्या हे अ‍ॅड्रेनोक्रोम म्हणजे ऑक्सिडेशन झालेलं अ‍ॅड्रेनालिन, ४८० नॅनोमीटरला रीडिंग घ्या. नोट्समध्ये एवढंच आहे की हे हृदयाला घातक. पण कसं? अ‍ॅड्रेनालिनसारखंच रिसेप्टरवर बसतं का? गुरुवारी वायव्हा आहे, प्लीज सांगा कोणीतरी.

पेशीवाला: रिसेप्टर जरा बाजूला ठेव. ऑक्सिडेशन झालं की रेणूचा क्विनोन, म्हणजे चटकन अभिक्रिया करणारा प्रकार होतो, आणि तो क्विनोन प्रोटीनमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या एसएच (सल्फर-हायड्रोजन) गटांना जाऊन चिकटतो. हृदयपेशीच्या पडद्यावर सोडियम-पोटॅशियम एटीपीएज आहे ना, एका एटीपीवर (पेशीचं इंधन) ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत, तो पंप एसएच गट शाबूत असतील तरच नीट चालतो. तो मंदावला की सोडियम आत साठतं, मग सोडियम आत शिरण्याच्या जोरावर कॅल्शियम बाहेर काढणाऱ्या सोडियम-कॅल्शियम एक्सचेंजरला तो जोर उरत नाही, त्यात कॅल्शियमच्या स्वतःच्या पंपालाही फटका बसला तर पेशी कॅल्शियमने तुडुंब, तंतू आखडून बसतात आणि मायटोकॉन्ड्रिया कोलमडतात.

फार्मसी_तिसरंवर्ष: पण दादा, डिगॉक्सिन पण हाच पंप अडवतं, ते तर हृदयाचं औषध आहे!

पेशीवाला: छान पकडलंस! डिगॉक्सिन पंपाला बाहेरच्या बाजूने धरतं आणि नंतर सुटतं, डोसही अगदी मोजून. इथे प्रोटीनच रासायनिकरीत्या बदलतं, म्हणून प्रयोगात सिस्टीनसारखं एसएचवालं काही आधी दिलं की नुकसान कमी होतं.

वॉर्डातली_ताई: अगं, म्हणूनच अ‍ॅड्रेनालिनची अँपूल गुलाबी किंवा तपकिरी दिसली की आम्ही सरळ टाकून देतो. आत मेटाबायसल्फाइट असतं तेही ऑक्सिडेशन रोखायलाच.

जुना_संशोधक: एक गोष्ट वायव्हात नक्की सांग. कॅनडात विनिपेगला नरंजन धल्लांच्या गटाने उंदराच्या काढलेल्या हृदयातून अ‍ॅड्रेनोक्रोम सोडून बघितलं, आकुंचनाची ताकद घटली, कोरोनरी धमन्याही आकसल्या. पण ते सगळं डायरेक्ट दिलेलं. आपल्या शरीरात सीओएमटी आणि एमएओ ही एन्झाइम्स अ‍ॅड्रेनालिन आधीच निकालात काढतात, त्यामुळे रोजच्या टेन्शनला हे थेट लावू नकोस. फिओक्रोमोसायटोमासारख्या, म्हणजे अ‍ॅड्रेनालिनसारखी संप्रेरकं सोडणाऱ्या गाठीमुळे त्यांचा पूर आला तर गोष्ट वेगळी, आणि तिथेही अ‍ॅड्रेनालिन ज्यावर बसतं त्या बीटा रिसेप्टरच्या अतिउत्तेजनाने कॅल्शियम वाढतंच, दोन्ही वाटा सांग.

फार्मसी_तिसरंवर्ष: आता कळलं, दोन्ही वाटा वहीत काढून बसते. ताई, अँपूलचं उदाहरण तर पहिलंच देणार!