आईच्या पासपोर्टवर दोन शब्दांचं नाव, आधारवर तीन. रिइश्यू होईल का?

नमस्कार मंडळी. आईचा ३६ पानी पासपोर्ट फेब्रुवारीत संपतोय. ऑनलाइन रिइश्यूचा अर्ज भरला, नेहमीचे १५०० रुपये भरले, नागपूरच्याच सेवा केंद्राची पुढच्या मंगळवारची अपॉइंटमेंट मिळालीय.

अडचण नावाची आहे. जुन्या पासपोर्टवर फक्त आईचं नाव आणि आडनाव. बाबांचं नाव शेवटच्या पानावर, पतीच्या रकान्यात वेगळं. आधारवर मात्र एकाच ओळीत तीन शब्द: आईचं नाव, बाबांचं नाव, आडनाव. पॅनवरही तसंच. बँकेच्या पासबुकावर पासपोर्टसारखे दोनच. आपल्याकडे घरोघरी हेच असेल, म्हणून इथे विचारतेय.

शिवाय पत्ताही बदललाय. महालातलं घर सोडून मानेवाड्याला आलो. आधारवर नवा पत्ता आहे, त्यामुळे पोलीस पडताळणी होईल असं धरून चाललोय.

अर्जात नाव जुन्या पासपोर्टप्रमाणेच ठेवलंय, कारण तिकीट आणि व्हिसा त्याच नावानं हवेत. फोनवर विचारलं तर "काउंटरवर कागद बघून ठरेल" एवढंच कळलं. एजंट नकोय. आईचे गुडघे दुखतात, तिला दोनदा रांगेत उभं करायचं जिवावर येतं. एप्रिलमध्ये ताईच्या बाळंतपणाला सिंगापूरला जायचंय, तेव्हा तत्काळचे जादा २००० भरायचीही तयारी आहे.

नागपुरात अलीकडे असं रिइश्यू केलेल्यांनी सांगा: आधारवरचं मधलं नाव आधी काढून घ्यावं लागलं, की जुना पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला दाखवून काम झालं?