पोट बिघडल्यामुळे हार्मोन्स बिघडतात की हार्मोन्समुळे पोट?

निळीशाई
नमस्कार, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. वय ३६. चार वर्षांपूर्वी थायरॉईड कमी निघालं तेव्हापासून रोज सकाळी गोळी चालू आहे, एक दिवसही चुकवलेली नाही. तरी टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढतो तो आकडा) एका जागी थांबत नाही, वर्षभरात डोस दोनदा वाढवला आणि मागच्या आठवड्यात परत ८.२ आला. त्यात पोटाचं वेगळंच, सकाळी ठीक असतं पण संध्याकाळी इतकं फुगतं की कमरेला कपडा रुततो, दोन-दोन दिवस साफ होत नाही, पाळीच्या आधीचा आठवडा तर विचारूच नका आणि पाळी आली की पहिल्याच दिवशी उलट जुलाब. आता जिकडेतिकडे ऐकतेय की आधी आतडं सुधारा, हार्मोन्स आपोआप जागेवर येतील, त्यासाठी तीन महिन्यांचा प्रोबायोटिकचा, म्हणजे चांगल्या जिवाणूंचा, कोर्स करा. घ्यायच्या आधी विचारतेय, यात तथ्य किती? मला खरंच कंटाळा आलाय या सगळ्याचा.

उंबरठा_२
मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. तथ्य आहे, पण "आधी आतडं मग हार्मोन्स" असा सरळ रस्ता नाहीये, ये-जा दोन्हीकडून चालते. मुळात सगळ्यात पहिलं हार्मोन सापडलं तेच आतड्यात, १९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग यांना, नाव सीक्रेटिन. हार्मोन हा शब्द त्यानंतर तीन वर्षांनी आला. म्हणजे आतडं ही नुसती नळी नाही, स्वतः हार्मोन्स बनवणारा अवयव आहे. भूक लावणारं घ्रेलिन जठरातून येतं, पोट भरल्याचं सांगणारं जीएलपी-१ आतड्यातून, आणि मूडशी जोडलं जाणारं सेरोटोनिन शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या वर आतड्यात असतं (ते तिथून मेंदूत जात नाही बरं का, त्यामुळे "पोट साफ की मूड छान" इतकं सोपं गणित कुणी सांगितलं तर मान डोलावू नका).

इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं तर फार सुंदर आहे. वापरून झालेलं इस्ट्रोजेन यकृत एक साखरेसारखा रेणू जोडून बांधून टाकतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं, म्हणजे निघालं बाहेर. पण आतड्यातल्या काही जिवाणूंकडे बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते ही गाठ सोडतं, आणि मोकळं झालेलं इस्ट्रोजेन परत रक्तात शोषलं जातं. किती बाहेर गेलं आणि किती परत आलं हे थोडंफार या जिवाणूंवर ठरतं. या जिवाणूंच्या गटाला २०११ पासून इस्ट्रोबोलोम म्हणतात. जेवणात चोथा कमी असेल आणि मल आतड्यात रेंगाळत असेल तर परत शोषलं जायला वेळही जास्त मिळतो.

आणि तुमचं पाळीचं वर्णन म्हणजे उलटी बाजू. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं, ते आतड्याचे स्नायू सैल आणि मंद करतं म्हणून फुगणं आणि बद्धकोष्ठ. पाळी आली की ते खाली येतं आणि गर्भाशयातली प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं शेजारच्या आतड्यालाही आकुंचन द्यायला लावतात म्हणून जुलाब. हे खूप जणींना होतं, यात तुमचं काही चुकत नाहीये.

खलबत्ता
मी फार्मसिस्ट आहे, मला वेगळंच विचारायचंय. थायरॉईडची गोळी नक्की कशी घेता? किती वाजता, कशाबरोबर, त्यासोबत अजून काय काय? अगदी बारीकसारीक सांगा.

निळीशाई
माझ्याकडे आठवड्याचा कप्प्यांचा डबा आहे, रविवारी रात्री भरून ठेवते. सकाळच्या कप्प्यात थायरॉईड, कॅल्शियम, लोहाची गोळी, केसांसाठी एक बायोटिन असलेली आणि फुगण्यासाठी अ‍ॅसिडिटीची. सगळ्या एकदमच घेते, रिकाम्या पोटी, आणि लगेच कॉफी. चुकतंय का काही??

खलबत्ता
ताई, घोळ त्या कप्प्यातच आहे असं मला वाटतं. थायरॉईडची गोळी लहान आतड्यात शोषली जाते आणि रिकाम्या पोटी घेतली तरीसुद्धा ती पूर्ण जात नाही, साधारण ६० ते ८० टक्केच. कॅल्शियम आणि लोह तिला आतड्यातच चिकटून धरतात, रक्तात जाऊच देत नाहीत, म्हणून त्यांच्यात आणि हिच्यात ४ तासांचं अंतर लागतं. कॉफीने पण शोषण कमी होतं, तेव्हा गोळी साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काहीच नको. अ‍ॅसिडिटीच्या गोळीने जठरातलं आम्ल कमी होतं आणि ही गोळी नीट विरघळायला ते आम्ल लागतं.

आता चक्र बघा कसं फिरतंय. थायरॉईड कमी पडलं की आतडं मंदावतं, मंदावलं की पोट फुगतं, फुगलं म्हणून तुम्ही अ‍ॅसिडिटीची गोळी घेता, तिच्यामुळे थायरॉईडची गोळी अजून कमी लागू पडते. वर लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ वाढतं ते वेगळंच. डोस वाढवत राहिलात आणि कप्पा तोच ठेवलात तर आकडा असाच नाचणार.

बायोटिनचं अजून एक, ते पुष्कळ ठिकाणच्या तपासणीत गडबड करतं, टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो. रक्त द्यायच्या आधी निदान २ दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा. अ‍ॅसिडिटीची गोळी जर डॉक्टरांनी दिली असेल तर मनाने बंद करू नका, त्यांना विचारा. वेळा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी परत टीएसएच करायचा, त्याआधी करून उपयोग नाही. आणि डोस दोनदा वाढलाय हेही त्यांना आवर्जून सांगा, कारण आता पूर्ण शोषली गेली तर तोच डोस जास्त होऊ शकतो, छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं असं काही वाटलं तर थांबू नका, लगेच दाखवा.

पाऊलवाट९
माझ्याही बाबतीत डोस वाढतच चालला होता, मी तर सगळं वेळेवर घ्यायचे. शेवटी सीलिॲक निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तरच झिजलेलं, गोळी शोषणार कुठून. थायरॉईडचा आजार ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःची प्रतिकारशक्तीच उलटल्यामुळे झालेला, असेल तर सीलिॲक असायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते हे मला तेव्हा कळलं. कळकळीने सांगते, "ग्लूटेन सोडून बघ" असं कुणी म्हटलं तरी तपासणीच्या आधी गहू सोडू नका. मी सोडला होता, मग टेस्टसाठी परत कितीतरी आठवडे खावा लागला आणि ते दिवस फार वाईट गेले, कारण गहू बंद असताना टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. रक्ताची साधी तपासणी असते, टीटीजी नावाची.

उंबरठा_२
खलबत्ता यांनी नेमकं पकडलं, मी आपली इस्ट्रोजेनमध्येच अडकले होते. एच. पायलोरी या जठरातल्या जिवाणूचा संसर्ग आणि जठराचा ऑटोइम्यून दाह यानेही गोळी कमी शोषली जाते, तेव्हा वेळा सुधारूनही आकडा हलला नाही तर तिकडे बघायला सांगा. प्रोबायोटिकबद्दल माझं मत, काही ठरावीक तक्रारींवर ठरावीक जातींचा उपयोग होतो, पण टीएसएच खाली आणायचा तो उपाय नाही. त्यापेक्षा जेवणातला चोथा वाढवा, दिवसाला २५-३० ग्रॅमपर्यंत, पण हळूहळू आणि भरपूर पाण्याबरोबर, एकदम वाढवलात तर फुगणं दुप्पट होईल. हा चोथा जिवाणू आंबवतात, त्यातून लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात आणि तीच जीएलपी-१ सोडणाऱ्या पेशींना जागं करतात. मलात रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री पोटदुखीने जाग येणं, यातलं काही असेल तर मात्र आधी पोटाच्या डॉक्टरांकडे.

निळीशाई
रक्त वगैरे काही नाही. मी आत्ता उठून डबा रिकामा केला. चार वर्षं मी इतकी मनापासून तो भरत होते आणि... जाऊ दे. थायरॉईडची गोळी आता वेगळ्या डबीत उशाशी ठेवलीये, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर आणि लोह रात्री असं करतेय. परवा डॉक्टरांची वेळ मिळालीये, अ‍ॅसिडिटीची गोळी, डोस आणि टीटीजी तिन्ही कागदावर लिहून नेतेय. कोर्स नाही घेत. एकच राहिलं, कॉफीत दूध घालते त्यातल्या कॅल्शियमचं काय?

खलबत्ता
त्यालाही तोच नियम, गोळीनंतर तासाभराने घ्या. सकाळी जमत नसेल तर गोळी रात्री झोपताना घेता येते, शेवटच्या खाण्यानंतर निदान ३ तास गेले पाहिजेत, पण मग लोह रात्री नको, ते दुपारीच घ्या आणि कॅल्शियमपासून थोडं लांब ठेवा.