फिजिक्समधे पीएचडीनंतर मुली जातात कुठे?

मृण्मयी_प: एमेस्सीला वर्गात निम्म्या मुली होतो, आता पोस्टडॉकला (पीएचडीनंतरच्या संशोधनाला) ग्रुपमधे मी एकटीच, बाळ 2 वर्षांचं आहे आणि रात्री लेझरची रीडिंग घेताना सगळा जीव घरात अडकलेला असतो. सोडून देऊ का?

रानवारा: अगं नको सोडूस!! केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना बघ, करिअरमधे ब्रेक पडलेल्या बायकांना पुन्हा संशोधनात आणायलाही आहे ती.

जुना_मास्तर: जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना 1933 मधे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, तेव्हा कुठे वर्षभर प्रोबेशनवर घेतलं. पण दर वेळी बाईनंच का झगडायचं? रात्रपाळी गाईडनं वाटून द्यावी की.

मृण्मयी_प: उद्याच बोलते सरांशी. कुणाच्या कॅम्पसमधे पाळणाघर आहे का, कसं सुरू करून घेतलंत?