मदत हवी आहे: अंदमानात फक्त नील बेटावर राहिलं तर?

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटी आम्ही दोघं अंदमानला जायचं म्हणतोय. मी आणि हे, बस्स. लेक पुण्याला असते, सासूबाई तेवढे दिवस देवासला नणंदेकडे राहायला तयार झाल्यात. म्हणजे सहा दिवस, त्यापुढे ताणता येणार नाही. इंदूरहून थेट विमान नाही, चेन्नईला बदलायचं, त्यामुळे जाण्यायेण्याचे दोन दिवस त्यातच गेले.

इथले टूरवाले जो कागद हातात ठेवतात त्यात रोज नवी धावपळ: पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम), हॅवलॉक, नील, परत पोर्ट ब्लेअर, वर बारातांग. बारातांगसाठी म्हणे पहाटे तीनला उठायचं. त्या वेळी आमच्या इंदूरच्या सराफ्यातून (रात्रीचा खाऊबाजार) लोक खाऊन घरी निघालेले असतात हो!

आम्हाला एकच शांत बेट हवंय. नकाशे चाळून नीलवर (आताचं शहीद द्वीप) मन बसलंय. एका एजंटनं यांना तोंडावर सांगितलं, "नील तो दो घंटे में हो जाता है भिया, तीन दिन क्या करोगे?" काहीच नाही करणार, तेच तर करायचंय. सायकल, पुस्तक, दुपारची झोप. यांना पोहता येतं, मी कमरेएवढ्या पाण्यापुढे जात नाही.

लक्षद्वीपही डोक्यात होतं. पण तिथे प्रवेशाचा परवाना लागतो आणि अगत्तीला विमानं मोजकीच. सहा दिवसांसाठी जीव टांगणीला नको वाटला.

बेत असा: पहिली रात्र पोर्ट ब्लेअर (सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी पाहिल्याशिवाय हे हलणार नाहीत), मग तीन रात्री नील, शेवटची रात्र परत पोर्ट ब्लेअर. ती शेवटची रात्र वाचवून सकाळच्या बोटीनं थेट विमान गाठता येईल का? हॅवलॉकचा राधानगर किनारा सोडल्याची हळहळ वाटेल का? आणि मला बोट लागते. ओंकारेश्वरच्या नावेतसुद्धा मी डोळे मिटून बसते. शाकाहारी जेवणाचं कसं?

प्रतिसाद १

ताई, शेवटची रात्र अजिबात वाचवू नका. जानेवारीत समुद्र बहुधा शांत असतो, पण हवा बिघडली की फेऱ्या रद्द होतात आणि विमान काही थांबत नाही.

नीलवर वेळापत्रक घड्याळाचं नाही, भरती-ओहोटीचं. ओहोटीला भरतपूर किनाऱ्याचं पाणी मागे सरकतं, प्रवाळाचे दगड उघडे पडतात, डुंबता येत नाही. लक्ष्मणपूरची दगडी कमान मात्र ओहोटीलाच बघायची. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण तासानं पुढे जाते. घरात पंचांग असेलच: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. तीन रात्री असल्या की ही गणितं निवांत जुळतात, दोन तासांत येऊन जाणाऱ्याला जे मिळेल ते.

अजून एक. घड्याळ आपलंच असलं तरी बेटं फार पूर्वेला, त्यामुळे जानेवारीत साडेपाचच्या आतबाहेर सूर्य मावळतो. दुपारची झोप लांबली तर लक्ष्मणपूरचा सूर्यास्त गेला. सूर्योदयाला सीतापूर.

जेवणाची काळजी नको. पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांनी वसवलेलं शेतीचं बेट आहे, भाजी तिथून पोर्ट ब्लेअरला जाते. मात्र मासे सगळीकडे, वेगळं भांडं हवं असेल तर खोली ठरवतानाच विचारा. बोटीत मध्यावर, खालच्या मजल्यावर बसा, गोळी निघण्याआधी घ्या (रक्तदाब वगैरे असेल तर डॉक्टरांना विचारून). आणि किनाऱ्यावरचे शिंपले-प्रवाळ पिशवीत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात.

प्रतिसाद २

मी विरुद्ध मत देतो. राधानगरला टाइम मासिकानं 2004 मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, उगाच नाही. नील दोन रात्री, हॅवलॉक एक.

धागाकर्ती

दोघांचे आभार. बोट एकानं वाढते म्हटल्यावर हॅवलॉकवर माझी फुली, हे थोडे कुरकुरले. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच. आता एवढंच सांगा, भरतपूरजवळ राहावं की लक्ष्मणपूरकडे? रात्री परतताना रस्त्यावर दिवे असतात का?