मदत हवी आहे: बिटकॉइन घ्यायचं ठरलंय, पण ठेवायचं कुठे?

कुंडईवाला

मंडळी, नमस्कार. फोंड्याला राहतो, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, वय ४१. बँकेत थोड्या ठेवी, एक एसआयपी, घराचं कर्ज दोन वर्षांत फिटेल. आता महिन्याला तीन हजारांचं बिटकॉइन घ्यावं असं मनात आहे. बुडाले तरी घर चालेल एवढीच रक्कम. 'घेऊ नका' हा सल्ला बायकोने देऊन झालाय, तो पुन्हा नको. भाव कुठे जाईल तेही नको. मला धास्ती भावाची नाही, घेतलेलं हातचं जाण्याची आहे.

चवथीला मावसभाऊ आला होता, त्याने तीन वाटा सांगितल्या आणि माझा होता तो गोंधळ वाढवून गेला.

पहिली म्हणजे टेलिग्रामवरचे कोणी 'सर'. पणजीत भेटायचं, रोख द्यायची, ते मोबाइलवर नाणं टाकून देतात, तेही बाजारभावापेक्षा स्वस्त. स्वस्त म्हटलं तिथेच मी उठलो. दारावर स्वस्तात सोनं विकायला आलेल्याला आपण ओसरीवर तरी बसवतो का?

दुसरी पी-टू-पी, म्हणजे अनोळखी माणसाशी परस्पर व्यवहार. आमच्या कंपनीतल्या एकाने अशी आपली नाणी विकली. समोरच्याने पाठवलेले पैसे कुठल्याशा ऑनलाइन फसवणुकीतले निघाले. तक्रार दुसऱ्या राज्यात, खातं गोव्यात, आणि पगार त्याच गोठवलेल्या खात्यात. चार महिने हेलपाटे घालत होता बिचारा.

तिसरी वाट, भारतीय एक्स्चेंजवर, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडे, केवायसी करून घ्या आणि तिथेच राहू द्या. सोपं वाटलं, पण मग १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली ते वाचलं. ग्राहकांना आपली नाणी बाहेर काढायला वर्षाहून जास्त थांबावं लागलं.

मग हार्डवेअर वॉलेटबद्दल वाचलं, म्हणजे नाण्यांची गुप्त किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं यंत्र. तिथे म्हणे २४ शब्द कागदावर लिहून जपायचे, यंत्र हरवलं तरी त्यांवरून नाणी परत मिळतात. कागद म्हटलं की मला आमचं कपाट दिसतं. पावसाळ्यात त्यातल्या लग्नाच्या अल्बमवरसुद्धा भुरी चढते, आणि आजोबांच्या जमिनीचे अर्धे कागद वाळवीने खाल्ले. तर घ्यायचं कुठून, आणि ठेवायचं कसं? आणि उद्या मला काही झालं तर बायकोला ते मिळणार कसं? तिला यूपीआयपलीकडे काही माहीत नाही.

आंब्याचं झाड

एफडी करा. झोप लागेल.

कुंडईवाला

झोप एफडीवरही लागत नाही हो, आमच्या घरामागे वीटभट्टीचे ट्रक जातात.

हिशेबवही

म्हापशाला एका सीएंच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे आधी रुक्ष भाग सांगते.

एक्स्चेंज निवडताना ते एफआययू-इंडियाकडे (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदलेलं आहे का बघा. मार्च २०२३ पासून ही मंडळी मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली येतात. नोंदणी म्हणजे पैशांची हमी नव्हे हे लक्षात ठेवा. बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसं काही नाही. पैसे स्वतःच्या खात्यातूनच भरा, मावसभावाच्या जीपेवरून नको.

कर: नफ्यावर सरसकट ३० टक्के, वर सेस. विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो. वजा मिळते फक्त खरेदीची किंमत, बाकी कुठलाही खर्च नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. बिटकॉइन देऊन दुसरं नाणं घेतलं तरी ती विक्रीच धरतात. यात लोक फार फसतात. एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवणं ही विक्री नाही, पण तारीख आणि खरेदीचा पुरावा जपून ठेवा. एक्स्चेंज उद्या बंद पडलं तर तो कोणाकडे मागणार?

आता आपल्या गोव्याची गंमत. इथल्या नागरी कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायको दोघांची. म्हणून पगार सोडून बाकीचं उत्पन्न आपण दोघांच्या विवरणपत्रात निम्मं-निम्मं दाखवतो. तुम्ही ठेवींच्या व्याजाचं करतच असाल. क्रिप्टोच्या नफ्याचं तसं कसं दाखवायचं हे विकण्याआधी तुमच्या सीएंना विचारा, कारण टीडीएस एकाच पॅनवर दिसतो आणि मग नोटीस आली की धावपळ. सांगायचा मुद्दा, वहिनींना 'तुझा काय संबंध' म्हणायची सोय नाही.

कुंडईवाला

ताई, हे तिला वाचून दाखवलं. फारच खूश झाली.

जुना रेडिओ

साठवणुकीचं मी सांगतो, सहा वर्षं करतोय.

पहिलं, एक्स्चेंजचं ॲप घेण्याआधी एकच गोष्ट तपासा: नाणं बाहेर काढता येतं का? काही ॲपवर घेता येतं, विकता येतं, स्वतःच्या पत्त्यावर, म्हणजे स्वतःच्या वॉलेटमध्ये, नेता येत नाही. तसल्या ठिकाणी हा सगळा धागाच निरर्थक. खात्याला एसएमएसच्या ओटीपीवर सोडू नका, ऑथेंटिकेटर ॲप लावा, ते एसएमएसशिवाय मोबाइलवरच कोड तयार करतं. सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर फिरवून घेणारे आहेत.

दुसरं, तीन हजारांसाठी दर महिन्याला नाणं हलवू नका. बाहेर काढायचं शुल्क तुमचा घास खाईल. पंचवीस-तीस हजार साठले की एकदम न्या. तोवर एक्स्चेंजवर तेवढीच जोखीम.

यंत्र कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा तिने नाव दिलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. वापरलेलं नको, हरमलच्या किनाऱ्यावर कोणी गोऱ्याने प्रेमाने दिलं तरी नको. खोक्यात शब्द आधीच छापलेले असतील तर ते यंत्र नव्हे, सापळा आहे. शब्द यंत्राने तुमच्यासमोर, स्वतःच्या पडद्यावर तयार करायला हवेत. त्यांचा फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवायचे नाहीत, कुठल्याही वेबसाइटवर टाइप करायचे नाहीत. मागणारा कंपनीचा माणूस म्हणवत असला तरी तो चोरच. २०२० मध्ये लेजर या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर फुटले, तेव्हापासून लोकांना खोटे मेल येतायत, काहींना तर घरपोच खोटी यंत्रंसुद्धा आली.

भुरीवर उपाय स्टीलचा: शब्द कागदाऐवजी स्टीलच्या पट्टीवर ठोकायचे. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या इंग्रजी यादीतले असतात आणि त्या यादीत पहिल्या चार अक्षरांनी प्रत्येक शब्द वेगळा ओळखू येतो. म्हणजे पट्टीवर जास्तीत जास्त ९६ अक्षरं. हार्डवेअरच्या दुकानात अक्षरं ठोकायचे शिक्के मिळतात. लग्नाच्या भांड्यांवर नावं घालून देणाऱ्याकडे मात्र पट्टी नेऊ नका, हातोडी स्वतः धरा. मी गॅलरीत बसून ठोकली, शेजाऱ्यांना वाटलं मी खिडकी दुरुस्त करतोय.

आणि हे कोणी करत नाही म्हणून सांगतो: आधी पाचशे-हजार पाठवा, मग यंत्र पूर्ण पुसून टाका आणि पट्टीवरचे शब्द त्यात घालून परत उभं करा. पैसे दिसले तर पट्टी बरोबर. नंतरच मोठी रक्कम. पाठवताना पत्ता यंत्राच्या पडद्यावरही पूर्ण वाचा, नुसती शेवटची चार अक्षरं बघून सोडू नका.

कुंडईवाला

यंत्र मागवलं. शिक्के फोंड्याच्याच बाजारात मिळाले. बायको विचारतेय, हे २४ शब्द तिने पाठ करायचे का?

जुना रेडिओ

मुळीच नको. एक पट्टी दोघांच्या नावावरच्या बँक लॉकरमध्ये, दुसरी लांबच्या, भरवशाच्या घरी सीलबंद. वहिनींसाठी वेगळं पत्र, त्यात शब्द नकोत: काय आहे, साधारण किती, पट्टी कुठे, यंत्र कुठे, कोणत्या एक्स्चेंजवर खातं, आणि घाई करून कोणाची मदत घ्यायची नाही. पुढच्या वेळी यंत्र पुसून परत उभं कराल ना, ते तुम्ही बाजूला बसून त्यांच्या हातून करून घ्या.

कुंडईवाला

रविवारी करतो. आधी तिला हातोडी कुठे ठेवलीय ते विचारावं लागेल.