सिस्टरवर ओरडलं की पेशंटचं काय होतं? कोल्हापूरच्या नर्सेस, तुमचे अनुभव लिहा

मी परिसेविका (वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर) म्हणून निवृत्त झाले, राहते राजारामपुरीत. वॉर्डात सिस्टरचा अपमान झाला की सगळे म्हणतात, 'मनावर घेऊ नका.' पण एकदा बोलणी खाल्लेली मुलगी पुढच्या वेळी विचारत नाही, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो. म्हणून हा धागा. डॉक्टर, नातेवाईक, मेट्रन, आपलेच सीनियर, कुणाच्याही वागण्याबद्दल लिहा. नावं नकोत. त्यानंतर तुमच्या कामावर आणि घरावर काय परिणाम झाला, ते मात्र लिहा.

सुरुवात मी करते. मेडिसिन वॉर्ड, मध्यरात्र. पेशंटचं पोटॅशियम कमी आलं. ज्युनिअर सिस्टरनं सरांना फोन लावला. फोनवरची ऑर्डर लिहून परत वाचून दाखवायची असते, तशी ती वाचायला लागली. सर ओरडले, "एकदा सांगितलेलं कळत नाही? कुठून पास झालीस?" आणि फोन बंद. केसीएल, म्हणजे पोटॅशियमचं इंजेक्शन, भरभर गेलं तर हृदय बंद पडतं, हे आपल्याला पाठ असतं. आपल्याकडच्या नेहमीच्या अँप्युलमध्ये एका मिलीत 2 मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक) असतात. सर मिली म्हणाले की मिलिइक्विव्हॅलंट, यात घोळ झाला तर डोस दुप्पट. ती पोरगी अँप्युल हातात धरून माझ्याकडे आली. मी परत फोन लावला, बोलणी खाल्ली, डोस लिहून घेतला. पेशंट बरा झाला. ती मात्र त्या सरांचा ऑनकॉल असला की नाइट बदलून मागायची. नाइट करावीच लागली तर फोन करायच्या आधी घुटमळायची. त्या घुटमळण्याची मला आजही भीती वाटते.

ब्रदर (पुरुष नर्स), कॅज्युअल्टी
हायवेचा अपघात आला की पेशंटमागं दोन गाड्या भरून माणसं येतात. "डॉक्टर कुठं तरफडलाय?" इथनं सुरुवात, मग "तुझी बदलीच करतो." एका रात्री कॅन्युला घालताना मागनं कॉलर धरली. सुई त्यांच्याच माणसाच्या हातात होती! तेव्हापासनं गर्दी जमली की हाताला घाम फुटतो, व्हेन सापडत नाही. बायको म्हणते, झोपेत हात झटकता.

स्टाफ नर्स, सरकारी सेवा
दादा, तक्रार केली का? हॉस्पिटलातल्या हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा 2010 चा कायदा फक्त डॉक्टरांसाठी नाही. परिचारिका आणि नर्सिंगचे विद्यार्थीही त्यात येतात. 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. आमच्याकडं डॉक्टरांना मारलं तर काम बंद होतं, सिस्टरला ढकललं तर चहा पाजून मिटवतात. याचा मला खरंच राग येतो.

जीएनएम, खाजगी हॉस्पिटल
माझी जीएनएमची (नर्सिंग डिप्लोम्याची) ओरिजिनल सर्टिफिकेटं ऑफिसात ठेवून घेतली आहेत. इन्चार्ज सगळ्यांसमोर "तुझ्या गावात हेच शिकवतात का" म्हणतात. सोडून जाता येत नाही हे त्यांना माहीत आहे. ड्युटीला निघताना पोटात कळ येते.

आयसीयू सिस्टर
2019 च्या ऑगस्टचा महापूर. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, रिलिव्हर येईनात. आत होतो त्यांनीच ड्युटी ओढली, त्याबद्दल तक्रार नाही. आमची एक मैत्रीण शिरोळ तालुक्यातली. घरात पाणी, सासू-सासरे शाळेत हलवलेले. पाणी उतरल्यावर ती आली, तर राउंडला सगळ्यांसमोर ऐकवलं, "तुमच्या घरात पाणी होतं, आमच्याकडं पेशंट होते." ती काहीच बोलली नाही. पुढं हँडओव्हरला विचारल्याशिवाय एक शब्द बोलेना. आधी पेशंटचा श्वास वाढला की पहिल्यांदा तिच्याच लक्षात यायचं आणि ती लगेच सांगायची. वर्षभरात तिनं नोकरी सोडली. आयसीयूत असा डोळा तयार व्हायला फार काळ लागतो, आणि तो आम्ही एका वाक्यात घालवला.

नर्सिंग विद्यार्थिनी
सीनियर दिदी आमच्यावर ओरडतात. त्यांच्यावर आधी कोण ओरडलंय, ते आम्ही तिथंच उभं राहून बघितलेलं असतं. तरी लागतंच.

इन्चार्ज सिस्टर
मी एक करते. सरांचा आवाज चढला की म्हणते, "सर, पेशंटसमोर नको, ड्युटी रूममध्ये बोलू." बहुतेक जण ऐकतात. आणि हँडओव्हरला ज्युनिअरला आधी बोलायला लावते. नाइटला अंगचटीला येणाऱ्यांबद्दलही पोरींनी सांगावं. 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार 3 महिन्यांच्या आत लेखी द्यायची.

जीएनएम, खाजगी हॉस्पिटल
ताई, सर्टिफिकेटं परत कशी मागायची?

धागाकर्ती
बाळ, अर्ज दोन प्रतींत कर, एकीवर पोच घे. एकटी जाऊ नकोस, ज्यांची अडकली आहेत त्या सगळ्या मिळून जा. पोच देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टानं पाठव. मजकूर मी लिहून देते, मला निरोप कर.